बोटभर बाहेर

क्रीडासंकुलाच्या पटांगणात बायकांचा नाच रंगात आला होता. लाल पंखे उघडत होते, मिटत होते, आणि गाण्याचा ठेका भिंतीतून झिरपत पार टेबल टेनिसच्या हॉलपर्यंत येत होता. खालच्या तरण तलावाचा क्लोरीनचा वास, थर्मासमधून निघणारी चहाची वाफ, सूर्यफुलाच्या बिया फोडल्याची कुरकुर. ऑफिसच्या वार्षिक स्पर्धेचा शेवटचा सामना लागला होता. एका बाजूला पांग साहेब, दुसऱ्या बाजूला युनलान.

आणि पहिल्या रांगेत, आईचं जाकीट मांडीवर घेऊन, युनलानची लेक सुइसुइ.

लेक आज पहिल्यांदाच आईला सामन्यात बघणार होती. युनलान लग्नाआधी शहराच्या संघातून खेळायची. सुइसुइच्या मुठीत बॅट मावू लागली तशी तिनेच लेकीला टेबलापाशी उभं केलं, आणि खेळासोबत एक गोष्ट तिच्या अंगी मुरवली: चेंडू फुकट सोडायचा नाही. सूट एवढीच, की समोरचा अजून शून्यावर असेल आणि आपण जिंकायला आलो असू, तर एक गुण मुद्दाम द्यायचा. कुणाला अगदी रित्या हाताने घरी पाठवू नये.

"आणि सगळेच दिले तर?" सुइसुइने विचारलं होतं.

"सगळे कोण देतं, वेडे?" म्हणत युनलान हसली होती.

आता शेजारच्या विभागातली थिएनताई युनलानच्या हातात चहा देत कानाशी लागली. "हे बघ, डोकं ताब्यात ठेव. उपप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे. साहेब परवाच म्हणत होते, युनलान समंजस बाई आहे."

"ताई, लेक आलीय गं माझी."

"मग? तिला काय कळतंय? फक्त सफाईने हर. गेल्या वर्षी तो लियांग असा हरला, असा हरला, की आंधळ्यालाही दिसावं! साहेब महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाहीत."

युनलानने चहा तसाच ठेवला. खेळायचं, असं ठरवूनच ती टेबलापाशी गेली. आणि खेळलीही. पहिल्या डावात तिचं मनगट असं फिरलं, की जणू मधली वर्षं कुणी पुसून टाकली होती. सुइसुइ बाकावर उभी राहून ओरडली, "भारी, आई!"

तिच्याखेरीज कुणीच ओरडलं नाही. बिया फोडणं थांबलं. साहेबांनी टॉवेलने मान पुसली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतलं गेलं होतं. त्या शांततेत युनलानला रिकामी खुर्ची दिसली, आणि दिसली ती पुसता येईना.

मग तिने द्यायला सुरुवात केली.

दोरा ओवावा तशा हलक्या हाताने दिलं तिने. चेंडू टेबलाच्या कडेपर्यंत जायचा आणि बोटभर बाहेर पडायचा. "अरेरे, थोडक्यात!" लोक हळहळायचे. ती मान हलवायची, कानामागे केस सारायची, स्वतःवरच चिडल्यासारखी. साहेब फुलत गेले. शेवटचा गुण पडला तेव्हा अख्खा हॉल टाळ्यांनी दणाणला.

"काय झुंजवलंस गं मला!" साहेब धापा टाकत म्हणाले. "घामटा काढलास!"

"साहेब, तुमची सर्व्हिस कळतच नाही हो," युनलान म्हणाली. पहिल्या रांगेकडे तिने पाहिलं नाही.

पण साहेबांनी पाहिलं. "ही तुझीच ना? ये गं चिमणे! आईने काय शिकवलंय बघू तरी."

"आजोबा, खरंच खेळू?" सुइसुइने विचारलं.

"काका म्हण, काका! आत्ताच स्पर्धा जिंकलोय मी!"

सगळे हसले. सुइसुइने सर्व्हिस केली आणि हसणं विरलं. चेंडू जाळीवरून असा निसटला की साहेबांची बॅट हवेतच राहिली. पुढचाही गेला, त्याच्या पुढचाही. "अहो साहेब, जपून!" कुणीतरी म्हणालं. साहेबांनी पुन्हा टॉवेल उचलला. हॉल पुन्हा गप्प होऊ लागला.

सुइसुइने ती शांतता ऐकली. हात थांबवून ती आईकडे वळली आणि क्षणभर बघत राहिली, पाठ आठवत असल्यासारखी.

त्यानंतर तिचा चेंडू बोटभर बाहेर पडला. पुढचा त्याच जागी, तेवढाच बाहेर. तिने मान हलवली. कानामागे केस सारले.

"आईवर गेलीय हो पोर!" साहेब खूश होऊन म्हणाले. "अगदी आईवर!"

टाळ्या पडल्या. थिएनताईने युनलानला कोपराने ढोसलं, "पोर हुशार आहे गं तुझी." युनलानचे कान, गाल, मान पेटल्यासारखे झाले. थांब, पोरी, एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर साऱ्या हॉलला कळलं असतं, काय थांबव म्हणते ते.

साहेबांनी सगळ्यांना नदीकाठच्या खानावळीत मासे खायला बोलावलं. "युनलान, माझ्या शेजारी बसायचं बरं का!" हॉल रिकामा झाला. सुइसुइ चेंडू गोळा करत होती.

"जमलं ना गं आई?" तिने हळूच विचारलं. "शेवटचा जरा जास्तच लांब गेला. तुझे बघ कसे सगळे सारखे पडतात."

युनलानला वाटलं, लेकीने चिडावं, रुसावं, खोटारडी म्हणावं. लेक शाबासकीची वाट बघत होती.

"बॅट घे," युनलान म्हणाली. "माझ्याशी खेळ. खरं खेळ. जीव तोडून."

"तुझ्याशी पण खरं?"

"माझ्याशी आधी."

खिशात फोन वाजला. थिएनताई असणार. युनलानने तो वाजू दिला आणि सर्व्हिस केली. सुइसुइ झेपावली, दात ओठांवर रोवले, सगळं अंग फिरवून तिने चेंडू हाणला. तो टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि बोटभर बाहेर पडला.

युनलान लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. हा चुकला होता, की सोडला होता? तिला सांगता येईना. आणि विचारायला तोंड कुठे होतं?

सुइसुइ चेंडूमागे धावली.