पुष्पाची पावडर

सासरी अवसरीला कुणी पुष्पाला विचारलं, "अगं, अजून काय शिकतीस?" की ती म्हणायची, "एक पावडर बनवते." पाच वर्षं हेच उत्तर. विचारणारेही कंटाळले, सांगणारीही.

पावडर साधीसुधी नव्हती हो! तांबं आणि कोबाल्ट, दोन्ही धातू एका आम्लाच्या दुव्यांनी जाळीसारखे गुंफायचे, स्टीलच्या घट्ट डब्यात कोंडून ओव्हनमध्ये शिजवायचे. मध्येच लाईट गेली की सगळं मुसळ केरात. पण जमली की काय काम करायची! गरम द्रावात चिमूटभर टाकली की रासायनिक क्रिया झरझर चालायची, कडू बदामाचा वास सुटायचा. मग गाळा, धुवा, तीच परत वापरा. ती विरघळत नाही, हीच तिची ऐट. सगळा प्रबंध त्यावरच उभा.

प्रबंध जमा करायच्या आधी एकच चाचणी उरली होती. क्रिया अर्ध्यावर आली की द्राव गरम असतानाच गाळून पावडर काढून घ्यायची. पुढे काम थांबायला हवं. बैल सोडल्यावर नांगर चालतो का? इथं चालला. गाळलेल्या नितळ द्रावातही क्रिया चालूच राहिली. म्हणजे धातू जाळीतून सुटून द्रावात उतरत होता आणि राबत होता तोच. ती मेली जाळी नुसती नावाला!

पुष्पाने पुन्हा करून पाहिलं. तेच. तिला रडू आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं.

तिचे गाईड सुनील सर ऐकून चष्मा पुसत बसले.

"ही चाचणी लिहूच नकोस. कुणी विचारत नाही."

"सर, तुमाला ठाऊक व्हतं?"

"दुसऱ्या वर्षीच शंका आली होती. पण तू इतक्या उमेदीनं करत होतीस..."

पुष्पाला सरांपेक्षा त्या उमेदीचाच जास्त राग आला.

तेवढ्यात मोहिनी आत आली. तिनेही याच पावडरीवर पीएचडीला नुकतंच नाव नोंदवलं होतं. हातात रिकामी बाटली.

"ताई, थोडी देता? आजच सुरू करते."

सरांनी मान खाली घातली. पुष्पाला घरी जायचं होतं, झोपायचं होतं आणि डॉक्टर व्हायचं होतं. गुपचूप बाटली भरली असती तर सगळंच झालं असतं.

"नको घेऊ बाई. विरघळतीया ती," ती म्हणाली. "दुसरा विषय बघ."

मोहिनीने सरांकडे पाहिलं. सर पुन्हा चष्मा पुसायला लागले.

"मग तुमची पीएचडी, ताई?"

"व्हती," पुष्पा म्हणाली आणि स्टुलावर बसली.