मधली शिवण

कापड पुढे सरकेना, तेव्हा चष्मेवाल्याने पायडलवरचे पाय उचलले, मशीनचं चाक हाताने धरलं आणि सुई एकेक टाका करत उतरवली. दोन पट्ट्यांच्या जोडावर कापडाचे पदर दुमडून एकावर एक आले होते. उरलेली ताडपत्री त्याच्या मांडीवरून घसरून जमिनीवर आणि तिथून पलंगाच्या पायापर्यंत पसरली होती. पलंगावर उशांना टेकून बसलेला कप्तान त्याच्याकडे बघत होता.

कप्तान त्याचा शाळासोबती. उभा जन्म मुलांना कवायत शिकवण्यात गेला म्हणून नाव पडलं कप्तान, आणि त्याची बायकोही चारचौघांत त्याला तेच म्हणायची. गेल्या वर्षी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मागे फक्त एक 'हां' उरला. तहान लागली तरी हां, नको असलं तरी हां, कंटाळा आला तरी हां.

चष्मेवाल्याने चष्म्यांचं दुकान विकून टाकलं होतं, पण नाव काही अंगावरून उतरलं नव्हतं. लग्नाच्या भानगडीत तो पडला नाही. त्याला घर होतं, पुस्तकं होती, आणि दर हिवाळ्यात कप्तानाबरोबर जंगलापलीकडच्या तळ्यावर जाऊन राहणं होतं. तंबू कप्तानाचा. तो उभारायचा कप्तानाने, शेकोटी पेटवायची कप्तानाने, आणि बोलायचंही कप्तानानेच. चष्मेवाला सांगितली ती दोरी धरायचा आणि ऐकायचा. त्यामुळे कप्तान बोलायचा थांबला तेव्हा दोघांमधलं सगळंच थांबलं. सुरुवातीला चष्मेवाला नेमाने यायचा, खुर्ची ओढून बसायचा, हवेबद्दल काहीतरी बोलायचा, मग खिडकीबाहेर बघायचा. उठताना "बरं, येईन पुन्हा" म्हणायचा आणि जिना उतरताना सुटल्यासारखा श्वास घ्यायचा. त्या श्वासाची त्याची त्यालाच लाज वाटायची. पुढे येणं कमी कमी होत गेलं.

थंडी पडू लागली तशी घरात त्याला करमेना. एकट्यानेच तळ्यावर जायचं त्याने मनाशी ठरवलं. कप्तानाच्या तंबूला माळ्यावर उंदरांनी कधीच खिंडारं पाडली होती, आणि नवा तंबू खांद्याला झेपला नसता. नुसती हलकी ताडपत्री, दोन झाडांना बांधून खाली झोपता येईल एवढी, आपली आपणच शिवावी असं त्याने कुठेसं वाचलं होतं. कापड आणलं, पण मशीन कुठून आणायचं? मशीन होतं वहिनींकडे, म्हणजे कप्तानाच्या बायकोकडे, आणि ते होतं कप्तानाच्या खोलीत, खिडकीखाली.

वहिनींनी त्याला सगळं शिकवलं. दोरा कसा ओवायचा, बॉबिन कशी भरायची, एक टीप घातल्यावर कड आत दुमडून वरून दुसरी टीप कशी मारायची. पहिल्या दिवशी त्याची टीप सापासारखी वळवळत गेली, तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"भावोजी, चष्मा तुम्हीच लावा आधी," त्या म्हणाल्या.

त्या घरात कुणी हसल्याला बरेच दिवस झाले असावेत. कप्तानाने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

त्याच दिवशी, कापड मांडीवर घेऊन, चष्मेवाला कप्तानाला सहज बोलून गेला, "हे झालं की निघतो बघ तळ्यावर. एकटाच." बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. कप्तान म्हणाला, "हां."

काम सुरू झालं आणि एक गोष्ट चष्मेवाल्याच्या ध्यानात आली. खुर्चीवर रिकामं बसून जे जमत नव्हतं, ते मशीनवर बसून जमत होतं. हातात काम असलं की गप्प राहायला कारण लागत नाही. दुपारी यावं, शिवावं, वहिनींनी आणलेला चहा घ्यावा, काळोख पडायच्या आत निघावं. कप्तान उशांवरून बघत असायचा. कधी टीप वाकडी गेली तर घशातून खाकरायचा, आणि चष्मेवाला थांबून बघायचा तर खरंच वाकडी गेलेली असायची. कवायत घेणाऱ्याची नजर ती.

पण ताडपत्री काही पुरी होईना. एका दुपारी तो आला तर मधला जोड वीतभर उसवलेला. दोरा कच्चा निघाला असं म्हणत त्याने तेवढं पुन्हा शिवलं. काही दिवसांनी दुसरीकडे तेच. दोरा बदलला. सुई बदलली. मशीनला तेल दिलं. दुकानात भिंगं बसवताना केसाइतकी चूक खपवून न घेणारा माणूस, पण या एका शिवणीने त्याच्या नाकी नऊ आणले. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, नवशिक्याच्या हातून असं होतं, आणि कप उचलून आत गेल्या.

शेवटी एकदाची शिवण टिकली. कडा दुमडून झाल्या, कोपऱ्यांना जाड ठिगळं लावून झाली, दोऱ्या ओवायला आयलेटच्या कड्या ठोकून झाल्या. मग कापडाला पाणी लागू नये म्हणून त्याने गच्चीवर जुन्या बादलीत टर्पेंटाइन ओतून त्यात सिलिकॉन ढवळलं आणि ब्रशने हात मारायला बसला. वास असा की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन काही जळतंय का म्हणून विचारलं. दोन्ही बाजू वाळल्यावर त्याने ताडपत्री घरात आणली, कप्तानाच्या पलंगावरच पसरली, आणि उद्या पाणी ओतून बघू म्हणाला. कप्तानाने डाव्या हाताने कापड चाचपलं. बराच वेळ चाचपत राहिला.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने गच्चीवर चारही कोपरे दोऱ्यांनी ताणून बांधले, मधे झोळ पाडला आणि बादली ओतली. पाणी मोत्यांसारखं घरंगळलं. थेंबदेखील कापडात शिरला नाही. तो खाली वाकून बघू लागला, आणि तेवढ्यात मधल्या जोडातून पाण्याची धार त्याच्या मानेवर पडली.

त्याने ताडपत्री उतरवली. पायरीवर बसून जोड डोळ्यांजवळ नेला. दोरा तुटला नव्हता. थोडे थोडे टाके सोडून तो कापला होता, नीट, कापडाला ओरखडाही न उमटू देता. उसवणारं माणूस घाईत नव्हतं.

तो तसाच ओल्या शर्टाने स्वयंपाकघराच्या दारात गेला. वहिनी भांडी पुसत होत्या. त्याने शिवण त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं भांडं पुसतच राहिल्या.

"मी नाही," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सांगितलं. तो गेला की कप्तान डाव्या हाताने कापडाकडे खूण करायचा. त्यांना वाटलं, हाताला बरं वाटत असेल, म्हणून त्या मांडीवर पसरून द्यायच्या. मग कधीतरी दिसलं की कापडातच राहून गेलेलं, मशीनच्या खणातलं टाके उसवायचं हत्यार उशीखाली आहे. एक टाका काढायला त्याला किती वेळ लागायचा. हत्यार सुटायचं, तो पुन्हा धरायचा. घामाघूम व्हायचा. डॉक्टरांनी बोटं हलवायला रबरी चेंडू दिला होता, त्याला त्याने कधी हात लावला नव्हता.

"काढून घ्यायला हवं होतं, कळतंय मला," वहिनी म्हणाल्या. "पण भावोजी, तुम्ही यायचा त्या दिवशी ते सकाळीच दाढी करून घ्यायचे. हटून बसायचे."

नळ सोडून त्यांनी पुसलेलंच भांडं पुन्हा धुवायला घेतलं. चष्मेवाल्याला काहीतरी म्हणायचं होतं. या घरात तो इतकी वर्षं आला, जेवला, तंबूचं ओझं घेऊन इथूनच निघाला, पण या बाईला संध्याकाळी बोलायला कोण असतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आत्ताही त्याला विचारता आलं नाही.

तो खोलीत गेला. कप्तान दाराकडेच बघत होता. दाढी केलेली होती, गालावर एके ठिकाणी साबण सुकून राहिला होता. त्याने ओली ताडपत्री पाहिली, ओला शर्ट पाहिला, आणि नजर खिडकीकडे वळवली. डावा हात हळूच सरकून उशीवर जाऊन बसला. उशीखाली काय आहे ते झाकल्यासारखा.

चष्मेवाला मशीनवर बसला. पंच्याने कापड टिपून कोरडं केलं. सिलिकॉन लावलेलं कापड निसरडं झालं होतं, बोटांतून निसटत होतं. त्याने उसवलेला भाग सुईखाली घेतला. मग टाक्यांची लांबी ठरवणारी कळ त्याने फिरवली, अगदी शेवटपर्यंत. पायडल मारलं. टीप झरझर पुढे गेली, कच्चा धावदोरा घालावा तशी लांब लांब टाक्यांची.

कप्तान खाकरला.

चष्मेवाला थांबला नाही. चहा घेऊन वहिनी आल्या, मागे उभ्या राहून बघू लागल्या.

"भावोजी, एवढे मोठे टाके? यातून तर सरळ पाणी येईल."

"येऊ दे," तो म्हणाला.

चहा झाला. उजेड उतरू लागला तशी त्याने सुई वर उचलली, दोरा चांगला लांब सोडून कापला आणि मशीनवर झाकण घातलं. मग ताडपत्री उचलून तो पलंगापाशी गेला. ती त्याने कप्तानाच्या मांडीवर पसरली, शिवण वर येईल अशी, डाव्या बाजूला.

कप्तानाने शिवणीकडे पाहिलं. लांब टाक्यांवरून एक बोट फिरवलं. मग चष्मेवाल्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्याच्या तोंडून हां देखील आला नाही.

"उद्या लवकर येतो," चष्मेवाला म्हणाला.