खांबाला बांधलेलं टोक

सिद्धू कोइमतूरहून विट्याला आला तो बापाला उचलून न्यायलाच.

कोइमतुरात त्याचं गलाईचं दुकान. सोनारांचं जुनं सोनं मुशीत घालून भट्टीत वितळवायचं, मळ काढायचा आणि शुद्ध करून ज्याचं त्याला परत द्यायचं. केरबानं हा धंदा चाळीस वर्षं केला, मग लेकाच्या हाती दिला आणि गावाकडं येऊन बसला. नुसता बसला असता तर काय हवं होतं! पण अमेरिकेची लढाऊ जहाजं व्हेनेझुएलाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि इकडं विट्यात ह्या म्हाताऱ्याची झोप उडाली. सांगलीच्या कुठल्याशा समितीनं त्याला सांगितलं, की देशोदेशी साधी माणसं त्या जहाजांच्या विरोधात रस्त्यावर उभी राहतायत. झालं! तेव्हापासून दर बाजारादिवशी केरबा एसटी स्टँडपुढं फलक धरून हजर.

कुणीतरी त्याचा फोटो काढून गलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. आता विट्याकडचे गलाईवाले नाहीत असं शहर देशात शोधून सापडायचं नाही. गुवाहाटीहून लालासाहेबानं लिहिलं, "सिद्धू, तात्यास्नी कायतरी काम लावून दे की गड्या!" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची ही रांग. सिद्धूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तात्या, लय झालं. उद्याच्या गाडीनं चला माझ्यासंगं," तो आल्या आल्या म्हणाला.

"बघू की. आज बाजार हाय, तेवढा हुंदे," केरबा म्हणाला आणि कापडाची गुंडाळी काखेत मारून निघालासुद्धा.

सिद्धू मागोमाग गेला, पण लाजेनं चहाच्या गाड्यापाशीच थबकला. केरबानं फलक उलगडला. 'व्हेनेझुएलाला हात लावू नका.' कापड लांबलचक आणि माणूस एकटा. त्यानं एक टोक विजेच्या खांबाला सुतळीनं बांधलं, दुसरं हातात धरलं आणि उन्हात उभा राहिला. शेजारी फण्या-कंगवे विकणाऱ्या रहिमतबीनं आपली छत्री त्याच्याकडं कलती केली.

एक बुलेटवाला थांबला. "काय ओ म्हातारबा, त्या देशानं तुमाला काय दिलंय?"

"काय न्हाई."

"तितं कोण पाव्हणं हायती?"

"कोण न्हाई."

"मग तुमाला बघून जहाजं माघारी फिरणार व्हय?"

आजूबाजूचे खो खो हसले. सिद्धूनं मान खाली घातली. केरबा मात्र तसूभर हलला नाही.

"फिरतील का न्हाई, मला काय ठावं? पण चाळीस वर्सं लोकांचं सोनं माझ्या भट्टीत आलं बाबा. भट्टी माझी, मूस माझी, दार लावलं तर बघणारं कोण न्हाई. म्हणून सोनं माझं झालं व्हय? त्यांच्या भुईखाली तेल हाय. घर त्यांचं, भांडाण बी त्यांचं. ते त्यांचं ते निस्तरतील. दुसऱ्यानं बंदूक घिऊन दारात का जावं?"

बुलेटवाला किक मारून गेला.

सिद्धूच्या हातातला चहा तसाच राहिला. मिसरूड फुटायच्या आधीची गोष्ट त्याला आठवली. फुटक्या मुशीच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं चिकटलेलं त्याला सापडलं होतं आणि त्यानं ते गुपचूप खिशात घातलं होतं. केरबाला कळलं. त्यानं हात उगारला नाही. भर दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि लेकाला, ज्याचं सोनं त्या सोनाराच्या दारात नेऊन उभं केलं. "ह्यांचं हाय. दे." सिद्धूनं रडत रडत दिलं. आज त्या सोनाराचा नातूही डोळे झाकून सिद्धूकडंच सोनं टाकतो. कुणाच्या नावावर? ह्याच म्हाताऱ्याच्या. आणि आपण त्याची लाज धरून चहाच्या गाड्याआड लपलोय! सिद्धूला स्वतःचीच शरम वाटली.

तो तरातरा गेला आणि खांबाची सुतळी सोडायला लागला.

"आरं, फलक पडंल!" केरबा ओरडला.

"पडत न्हाई. मी धरलाय."

सिद्धूनं मोबाइल रहिमतबीच्या हातात दिला. "चाची, आमच्या दोघांचा फोटो काढा."

फोटो त्यानं त्याच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "म्होरल्या सोमवारी धा वाजता मी कोइमतुरात दुकानाम्होरं असाच हुबा राहणार. हसायचं त्येनी हसावं. वाटंल त्येनी आपापल्या दुकानाम्होरं हुबं राहावं."

"आन् हितलं टोक?" केरबानं विचारलं.

"हितलं मी धरीन की," रहिमतबी म्हणाली. "तुमच्या लेकाला जाऊ द्या त्याच्या कामाला."

मोबाइल थरथरला. लालासाहेब, गुवाहाटी. सिद्धूनं मेसेज उघडला.

"कापड किती मीटर घ्यावं लागतं रं?"

सिद्धूचे डोळे भरून आले. सांगावं म्हणून तो बापाकडं वळला, तर केरबाची नजर फलकावर.

"मोबाइल ठेव आधी. ताणून धर," तो म्हणाला, "झोळ पडलाय."