शकुबाईंची चौदावी मेंबर

पोर कमावतं झालं की घरातल्या मोठ्या माणसांना आनंद होतो आणि भीतीही वाटते. आनंद आपण चारचौघांत सांगतो. भीतीला मात्र शिस्त असं गोंडस नाव देऊन मोकळे होतो. सातपूरच्या शकुबाई दोंदे यांनी तेच केलं. गोष्ट त्र्याऐंशीच्या जानेवारीतली आहे, पण ती जुनी झाली असं समजून कुणी निर्धास्त बसू नये.

नवरा वारल्यावर शकुबाईंनी कॉलनीतल्या आपल्या दोन खोल्यांत खाणावळ काढली. कारखान्यांत काम करणारे तेरा मेंबर जेवायला येत. बाईंच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. नियम दोनच होते. महिन्याचे पैसे पाच तारखेच्या आत, नाहीतर ताट बंद. आणि ज्या दिवशी जेवायचं नसेल त्याचा खाडा आदल्या दिवशी सांगायचा, म्हणजे तेवढे पैसे वजा होतील. मागच्या पावसाळ्यात एका मेंबरची नोकरी गेली, तेव्हा सहा तारखेला बाईंनी त्याचं ताट खरोखरच बंद केलं होतं. तो दारात दोन मिनिटं उभा राहिला आणि निघून गेला. शकुबाईंना वाईट वाटलं, पण धंदा म्हटला की काळीज घट्ट करावं लागतं.

त्यांची मुलगी सुजाता सतरा वर्षांची. मॅट्रिक झाल्यावर ती विजेच्या मोटारींच्या एका कारखान्यात तारा गुंडाळायच्या कामाला लागली. पहिला पगार तिनं हसत आईच्या हातावर ठेवला, आणि त्याच रात्री शकुबाईंची झोप उडाली. आज देते आहे, उद्या पैसा हातात खुळखुळला की पोर हाताबाहेर गेली तर? त्यातच कुणा मेंबरच्या साहेबानं सांगितलं होतं की विलायतेत पोरं कमवायला लागली की आईबापांना खाण्याचे पैसे देतात. झालं! विलायतेला काय सातपूरचं पाणी ठाऊक? पण बाईंना आधार मिळाला.

"सगळा पगार मला नको," त्या सुजाताला म्हणाल्या. "तू एकशे दहा रुपये दे, बाकीच्या मेंबरांसारखे. खाडा झाला तर वजा करीन. पैशाची किंमत कळली पाहिजे माणसाला."

सुजाता हसायची थांबली. "बरं," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून ती चौदावी मेंबर झाली.

मेंबरांत सावळीरामभाऊ सगळ्यांत जुने. मनमाडचे, पन्नाशीचे, फिटर. त्यांना हे आवडलं नाही. एकदा जेवून हात धुताना त्यांनी विषय काढला.

"शकुताई, पोरीचं नाव काय ठेवलं आपण? सुजाता. बुद्धाच्या वेळच्या त्या सुजातानं उपाशी माणसाला खीर दिली, तेव्हा महिन्याचे पैसे विचारले होते का?"

"ती एक वाटी खीर होती भाऊ. इथं दोन्ही वेळचं जेवण आहे."

"घराला हातभार माग ना तिच्याकडं. भाडं दे म्हण, रॉकेल आण म्हण. पण ताटाला दर लावू नको. दर लावला की माणूस गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाईक आपली अडचण मालकाला सांगत नाही."

"तुम्ही मेंबर आहात, मेंबरासारखं राहा," शकुबाई म्हणाल्या. भाऊ हात पुसून निघाले. जिथं दोन वेळा जेवायचं तिथं माणूस किती भांडणार?

डिसेंबरच्या मध्यापासून सुजाताचे खाडे वाढले. "उद्या दुपारचा खाडा, कंपनीत जेवीन." "उद्या दोन्ही वेळचा, ओव्हरटाइम आहे." शकुबाई कौतुकानं पैसे वजा करत. पोरगी काटकसर शिकली म्हणून शेजारणीला सांगूनही झालं. तिचे गाल बसले होते, पोलकं अंगात ढगळ झालं होतं. ते दिसत होतं, पण ज्याचा अर्थ लावायची भीती वाटते ते दिसूनही दिसत नाही.

पाच जानेवारीला सकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, "ओझरला मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न आहे. दोन दिवसांचे खाडे धर. या महिन्याचे पैसे आल्यावर देते."

"आज पाच तारीख आहे," शकुबाई पीठ मळत म्हणाल्या. "आल्यावर आधी पैसे, मग ताट. नियम सगळ्यांना सारखा."

सुजातानं मान हलवली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या पाळीचे मेंबर जेवायला बसले. वाल्मीक नावाचा एक पोरगा नवाच लागला होता, सुजाताच्या शेजारच्या कारखान्यात कामाला. आमटी भुरकत तो सहज बोलून गेला, "आमच्या बाजूच्या मोटारवाल्या कंपनीत लय वाईट झालं. तारा गुंडाळणाऱ्या सगळ्या पोरींना ब्रेक दिला."

कायम करावं लागू नये म्हणून तात्पुरत्या कामगाराला सहा-सात महिन्यांनी काढून टाकायचं, याला सातपुरात ब्रेक म्हणतात.

"कधी?" शकुबाईंच्या हातातली पळी थांबली.

"झाले की तीन आठवडे."

तीन आठवडे! मग रोज सकाळी साडेसहाला पोरगी जाते कुठं? जेवते कुठं? आणि लग्न? मैत्रिणीचं नाव काय, घर कुठलं, काहीच शकुबाईंनी विचारलं नव्हतं. मेंबर कुठं जातो हे खाणावळवाली विचारत नाही.

त्या तशाच निघाल्या. सावळीरामभाऊ अर्धं ताट टाकून त्यांच्या मागे आले. कारखान्याच्या फाटकावर म्हातारा वॉचमन होता. त्यानं बाईंच्या तोंडाकडं पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"काढलेल्या पोरी ना? नाक्यावर सकाळी मजुरांचा टेम्पो येतो बाई, पिंपळगावला कांदा निवडायला नेतो. त्यातल्या तीन-चार जणी त्यात चढताना मी पाहिल्यात."

पिंपळगाव बसवंतच्या एसटीत दोघं बसले. गाडी आडगाव नाक्यावर थांबली आणि एक माणूस चढत कंडक्टरला म्हणाला, "दहाव्या मैलाजवळ सावकाश घ्या मास्तर. सकाळी कांद्याच्या मजुरांचा टेम्पो उलटलाय. सगळ्या बायाच होत्या."

शकुबाईंनी भाऊंचा हात घट्ट धरला. त्यांना बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणायचं होतं. लहानपणापासून तोंडपाठ, पण दुसरी ओळ आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकल्या. खिडकीतून टेम्पो दिसला. रस्त्याच्या कडेला आडवा पडलेला, काचांचा चुरा झालेला. गवतात एक चप्पल होती. कुणाची ते गाडीतून कळलं नाही.

"थांबवा, मला उतरू द्या!"

"तिथं आता कुणी नाही ताई," तो माणूस म्हणाला. "चौघींना दवाखान्यात नेलं. बाकीच्या दुसऱ्या गाडीनं खळ्यावर गेल्या."

"त्यात एक पोरगी होती का? सतरा वर्षांची, बारीक?"

"सगळ्या बारीकच होत्या," तो म्हणाला.

भाऊंनी त्यांना खाली बसवलं. "आधी खळ्यावर जाऊ. तिथं नावं कळतील. बस तू."

वाचकहो, पुढची वीस मिनिटं शकुबाईंनी कशी काढली हे ज्याच्या घरात पोर आहे त्याला सांगायला नको. पोरीनं गेल्या तीन आठवड्यांत घरी किती घास खाल्ले ते त्या आठवू पाहत होत्या. खाडे मात्र त्यांना सगळे तोंडपाठ होते.

व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याचे ढीग आणि त्यांच्याभोवती बसलेल्या बाया. शकुबाई ढिगाढिगातून "सुजाता, सुजाता" करत पळत सुटल्या. शेवटी डोक्याला फडकं बांधलेली एक काटक बाई उठून पुढं आली. तिचं नाव भागीबाई. हरसूलकडची. भाताची कापणी उरकली की दर साली नवरा-पोरांसकट कामाला येई आणि खळ्यामागं गोणपाटाच्या झोपडीत राही.

"तू आय काय तिची? घाबरू नको बाय. आज ती टेम्पोत नव्हतीच. काल सांजचं चक्कर येऊन पडली. अंगात ताप हाय. मी म्हटलं, नको जाऊ या थंडीत. माज्याकडं निजवली."

शकुबाई झोपडीकडं धावल्या.

सुजाता गोधडीत पडली होती. आईची चाहूल लागताच तिनं डोळे उघडले आणि धडपडत उठायला लागली. एवढा मोठा टेम्पो उलटला त्याची भीती त्या पोरीच्या डोळ्यांत नव्हती, कारण तिला ते माहीतही नव्हतं. तिच्या डोळ्यांत आईची भीती होती. ओढणीच्या गाठीतून तिनं नोटा बाहेर काढल्या.

"आई, एकवीस रुपये कमी पडतात. रविवारपर्यंत भरते. तोवर खाडेच धर. ताट बंद करू नको."

शकुबाई म्हणाल्या, "नोकरी गेली तर सांगायचं नाही का गं मला?"

"त्या मेंबरनं सांगितलं होतं की, नोकरी गेली म्हणून," सुजाता खाली बघत म्हणाली. "तो दारात उभा होता तेव्हा मीच वाढत होते."

सावळीरामभाऊ बाहेर वळले. शकुबाईंनी पोरीला छातीशी धरलं आणि त्या हमसाहमशी रडू लागल्या. अरे, पोटच्या पोरीला आपण ही कसली किंमत शिकवली! घरी ताटं मांडून बसलो आणि पोर दहा कोसांवर उपाशी पडली!

निघताना त्यांनी भागीबाईपुढं दहाची नोट धरली. "दोन दिवस तुम्ही तिला खाऊ घातलंत."

भागीबाईनं आधी नोटेकडं पाहिलं, मग शकुबाईंकडं. "भाकरीचं पैसं?" तिला खरंच कळलं नव्हतं. "भुकेली पोर होती ती. आमची खात होती, तीबी खाल्ली."

नोट हातात तशीच राहिली. परतीच्या एसटीत शकुबाई भाऊंना म्हणाल्या, "तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही."

"ऐकलं असतंस, पण तू घाबरली होतीस," भाऊ म्हणाले. "नवरा गेला, पोरही जाईल म्हणून तिला नियमानं बांधायला गेलीस. नियमानं मेंबर टिकतो ताई. पोर टिकत नाही."

ताप आठ दिवसांनी उतरला. सुजाताला मार्चमध्ये दुसरं काम मिळालं. पगाराच्या दिवशी शकुबाईंनी तिला जवळ बसवून घराचं सगळं सांगितलं, भाडं किती, किराण्याची उधारी किती, खाणावळीतून सुटतं किती. आजवर हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुजाता ऐकून म्हणाली, "भाडं मी देते." मेंबराची नोकरी गेली तर महिनाभर ताट चालू ठेवायचं, हेही तिनंच ठरवलं, आणि बाईंनी कुरकुर न करता मान्य केलं.

पण एक गोष्ट मात्र लवकर बदलेना. कामावरून आली की सुजाता उंबऱ्यातच थांबायची आणि विचारायची, "आई, जेवू का?" शकुबाई म्हणायच्या, "अगं, विचारतेस काय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या तीन शब्दांची बाईंना धास्तीच बसली. रागावून, समजावून, गोंजारून पाहिलं. उपाय चालेना. आता हे जन्मभर असंच राहणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी सुजाता फणफणत आत आली, टोपलीतली भाकरी उचलली, तिच्यावर चटणी घातली आणि उभ्यानंच खात मुकादमाला शिव्या देऊ लागली. शकुबाई श्वास रोखून पाहत राहिल्या. मग त्यांनी तोंड फिरवलं, डोळे पुसले आणि मुद्दाम खेकसून म्हणाल्या, "बसून खा गं भवाने."

मंडळी, कमावत्या पोरांना घराचा भार जरूर सांगा. तो उचलण्यात त्यांची इज्जत आहे. पण त्यांच्या घासाला दर लावू नका. दर एका दिवसात लावता येतो. तो पोराच्या मनातून काढायला शकुबाईंना चार महिने लागले, आणि वेळेवर सापडली म्हणून तेवढेच लागले.