हाताचा दाब

चाचणी अर्ज. तपासणारी: मी. हे हातात मावणारं यंत्र बनवणाऱ्या चौघांपैकी एक.

तपासून घेणारीशी नातं: नणंद. (अर्जात एवढीच जागा आहे. बरं आहे.)

तक्रार: डाव्या स्तनात गाठ हाताला लागते, तीन महिने. हॉस्पिटलचं नाव काढलं की ताई अंगावर येतात. माझ्या नवऱ्याने बहिणीच्या हातापाया पडून इथवर आणलं, तर दारातच अट: यंत्रात काही दिसलं नाही तर पुन्हा कुणी विषय काढायचा नाही.

यंत्राची स्थिती: चांगली. ताईंच्या मते इस्त्री. "इंजिनिअरबाई, ब्लाउज काढू की वरूनच फिरवणार?"

पहिली नोंद: दोन्ही बाजू सारख्या. डाग नाही.

ताई हुक लावायला लागल्या. डावीकडे यंत्राच्या तोंडाचा लाल, गोल वळ उठला होता.

यंत्र आत प्रकाश सोडतं. जिथे रक्त जास्त तिथे काळं दिसतं, आणि वाईट गाठ रक्त ओढून घेते. पण जोरात दाबलं की रक्त बाजूला सरतं. गाठ तिथेच, पडदा स्वच्छ. हात हलका ठेवा, हे सगळ्यांना मीच शिकवते.

गप्प बसले असते तर ताई खुशीत घरी गेल्या असत्या. (ही ओळ खोडू नये.)

पुन्हा घ्यावं लागेल, मी म्हटलं, माझ्याकडून दाब जास्त पडला.

"तू या घरात आल्यापासूनचा, अकरा वर्षांचा आहे तो दाब," ताई म्हणाल्या. "लगेच कसा उतरेल?"

दुसरी नोंद: बाद. दाब जास्त.

तिसरी: बाद. त्या माझ्या आईबद्दल बोलत होत्या.

चौथी: यंत्र त्यांच्याच हातात दिलं. नुसतं टेकवा, म्हटलं. त्यांनी ते इतक्या हळू टेकवलं, की हा हात त्यांचाच का, असं वाटलं.

डावीकडे, खालच्या बाजूला, काळा डाग. उजवीकडे काही नाही.

त्यांनीही पडदा पाहिला. बराच वेळ.

"खोटं आहे तुझं यंत्र."

असेल, म्हटलं. सोनोग्राफीत कळेल.

"कळेलच. सगळ्या घरासमोर तुझी नाचक्की करते की नाही बघ."

"उद्या दहाला नंबर मिळेल."

"मग चिठ्ठी लिही. आणि माझं नाव नीट लिही, तेवढं तरी जमेल ना?"

लिहिलं.