पाय दाखवा, मग आत या

मी एक जुना घडीचा चाकू आहे. मित्रांनो, चाकू म्हटले की तुम्हाला आधी धार आठवत असेल. मला आज धार नाही. पूर्वी होती, आणि तिचा मला फार गर्व होता. ती कशी गेली आणि ती गेल्याचे मला आता वाईट का वाटत नाही, ते सांगतो.

माझे पाते एका मोडक्या करवतीच्या पोलादाचे. कोपऱ्यावरच्या लोहाराने ते तापवले, ठोकले, टोकाशी किंचित वाकवले आणि मिटता येईल असे लाकडी मुठीत बसवले. मला विकत घेतले ते एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायकोला त्याने विचारले, "तुला काय आणू?" तिने बांगड्या मागितल्या नाहीत, साडी मागितली नाही. म्हणाली, "अळंब्या काढायला एक चांगला चाकू आणा." तो बिचारा हसत सुटला. पण मला घरी नेऊन त्याने घड्याळे साफ करायचा एक छोटा ब्रश माझ्या मुठीच्या शेवटाला घट्ट बांधला. असा मी पुढून चाकू आणि मागून ब्रश झालो.

घरात तिघे होते. घड्याळजी, शिवणकाम करणारी त्याची बायको, आणि त्याची मोठी बहीण. ही बहीण एका कचेरीत टायपिस्ट होती. तिचे सगळे कसे नेटके! कागदाच्या कडा जुळवल्याशिवाय ती टेबलावरून उठत नसे. नणंद भावजयीला वहिनी म्हणे आणि भावजय नणंदेला वन्सं. मीही त्यांना त्याच नावांनी ओळखू लागलो.

रविवारी सकाळी, आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असला की, आम्ही बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जात असू. तिथून पुढे गवताचे मोठे कुरण होते आणि कुरणाच्या कडेला झाडी. अळंबी दिसली की वहिनी आधी तिच्याकडे पाहतच नसे. आजूबाजूला पाही. गवत आहे की पालापाचोळा? जवळ झाड आहे का, असले तर कुठले? मग गुडघ्यावर बसून वास घेई, टोपी उलटून खालचे पापुद्रे बघे. शेवटी माझे टोक बाजूच्या मातीत खुपसून ती सबंध अळंबी मुळापासून अलगद वर काढी. वर कापण्यासारखे काही दिसत असताना मला मातीत घालतात, याचा मला तेव्हा राग येई.

"उपटायची नाही, तोडायची नाही, उचलायची," असे ती म्हणे.

ती आपल्या मावशीकडून तीन जाती शिकली होती. त्या तीनच ती घरी आणी. चौथी कितीही देखणी असो, तिच्याकडे बघून म्हणे, "बाई गं, आपली ओळख नाही," आणि पुढे चालू लागे.

घरी टोपली रिकामी झाली की स्वयंपाकघरात माती पसरे. मग वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या राहत.

"वहिनी, अळंब्या आणल्यास की अख्खं कुरण आणलंस?"

"पाय दाखवल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही, वन्सं. लग्नाआधी तुमच्या भावाचेसुद्धा बूट काढायला लावून पाय बघितले होते."

"मग काय दिसलं?"

"मोज्याला भोक," वहिनी म्हणे. आतून घड्याळजी ओरडे, "ऐकू येतंय मला!"

पण चेष्टा करता करता वन्सं मदतही करत. कचेरीतला वापरलेला कार्बन कागद त्या घरी आणत. नव्या जागेवरची अळंबी असली की वहिनी अर्धा पांढरा आणि अर्धा कार्बनचा असा जोडकागद करी, त्यावर अळंबीची टोपी पालथी घाली आणि वर वाडगा झाकून ठेवी. सकाळी कागदावर भुकटीचा ठसा उमटलेला असे. कुरणातल्या चांगल्या अळंबीचा ठसा गर्द तपकिरी. पांढरा उमटला तर तो कार्बनवर चमके, आणि ती टोपी लगेच बाहेर जाई. एकदा घड्याळजीने चांदीचे जुने घड्याळ आणून म्हटले, "हे उकळताना भांड्यात टाक. चांदी काळी पडली की अळंबी विषारी." वहिनीने त्याच्याकडे असे पाहिले! म्हणाली, "चांदीला काय कळतंय? तिनं कधी स्वयंपाक केलाय?"

एकदा झाडीच्या कडेला वहिनीने मुद्दाम एक पांढरी अळंबी माझ्या टोकाने उचलून वन्संना दाखवली. तिचा पाय एका फाटक्या पांढऱ्या पिशवीत होता.

"हा बघा. पायात मोजा आहे. मोजेवाली दिसली की टोपलीत घ्यायची नाही आणि हात धुवायचे. हिच्या विषाचं वाईट काय, तर खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं, मग बरं वाटायला लागतं, आणि तेवढ्यात आत यकृत गेलेलं असतं. शिजवा, वाळवा, उकळा, विष जात नाही."

वन्संनी मान डोलावली. त्या मोज्याचा मऊ स्पर्श माझ्या टोकाला कायमचा लक्षात राहिला.

पुढे वहिनीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बजावले की वाकायचे नाही, धूळ-मातीत जायचे नाही. पावसानंतरचा पहिला रविवार आला तेव्हा ती खिडकीशी पट्टी बांधून बसली होती. तोंड उतरलेले. वन्संना ते बघवेना. त्या मला आणि टोपलीला घेऊन एकट्याच निघाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी माझा मोठा गौरव झाला. वहिनीच्या डोळ्यात कण जायला नको म्हणून वन्संनी एकही अळंबी मातीसकट घेतली नाही. जमिनीलगत मला फिरवले की सपकन दांडा तुटे. मग ब्रशने टोपी झाडायची आणि ओळीत रचायची. अशी सुंदर टोपली मी कधी पाहिली नव्हती! "काय धार आहे!" असे त्या दोनदा म्हणाल्या. मी फुलून गेलो.

मग झाडीच्या कडेला दोन मिटलेल्या, लहान, पांढऱ्या अळंब्या दिसल्या. कुरणातल्या कोवळ्या अळंब्यांसारख्याच. वन्संनी मला टेकवले, आणि कापता कापता माझ्या टोकाला खाली तो मऊ कापडासारखा काठ लागला. मी ओळखले. मोजा! पण मला तोंड कुठे होते? दोन्ही अळंब्या बाकीच्यांत जाऊन बसल्या आणि मोजे मातीतच राहिले.

घरी येऊन वन्संनी सगळ्या चिरल्या. कढईत लोणी वितळले. घड्याळजी काटा-चमचा हातात घेऊन बसलाही होता. इतक्यात वहिनी भिंतीला धरत स्वयंपाकघरात आली आणि ताटातल्या फोडींवरून बोटे फिरवू लागली.

"यांचे पाय कुठे आहेत?"

"अगं, पाय तिथंच ठेवले. घरात कणभर माती नाही बघ."

"गॅस बंद करा."

"वहिनी! इतकी वर्षं तुझ्याबरोबर हिंडले मी. कुरणातल्याच आहेत. माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे, वन्सं. या फोडींवर नाही."

घड्याळजी म्हणाला, "अगं, एवढं लोणी तापलंय..."

"ते पावाला लावा आणि खा," वहिनी म्हणाली आणि चप्पल शोधू लागली.

एका डोळ्यावर पट्टी, वन्संचा हात घट्ट धरलेला, अशी ती पुन्हा बसमध्ये चढली. कुरणात वन्सं कापलेले बुंधे शोधत आणि माझ्या टोकाने एकेक उकरून दाखवत. एक झाला, दोन झाले, आठ झाले. सगळे स्वच्छ. वन्संचा चेहरा हळूहळू खुलत होता. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मग आम्ही झाडीच्या कडेला आलो. मी मातीत शिरलो, आणि बुंध्याबरोबर ती पांढरी पिशवी वर आली.

वन्सं तिथेच ओल्या गवतात बसल्या.

"माझ्या भावाला... माझ्या हातानं..."

वहिनीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या डोळ्यासाठी माती झाडलीत, हे मला कळत नाही का? पण वन्सं, घरात आलेली माती झाडता येते."

ताटातल्या सगळ्या फोडी परसातल्या खड्ड्यात गेल्या. चिरायचा पाट, कढई, मी, सगळे घासून धुतले गेले. मग वन्संनी मला बटणांच्या खणात टाकले आणि खण बंद केला. "तो मला डोळ्यासमोर नको," त्या म्हणाल्या. दोन पावसाळे मी तुटक्या बटणांत पडून होतो. पात्यावर गंजाचे ठिपके आले. वाटे, चूक काय माझी? मला कापायला सांगितले, मी कापले.

तिसऱ्या वर्षी वहिनीने खण उघडला. तिने मला घड्याळजीपुढे ठेवले आणि म्हणाली, "याची धार काढून टाका. टोक चपटं करा, उचटण्यासारखं." घड्याळजीने कानसीने माझी धार पार घालवली. मित्रांनो, मी मनात फार रडलो. मग वहिनीने मला वन्संच्या हातात दिले.

"घ्या. आता मनात आलं तरी यानं कापता यायचं नाही. उचलावंच लागेल."

पुढचे दोन हंगाम त्या दोघी बरोबर हिंडल्या. वन्सं उचलत आणि वहिनी तपासे. एकटीने जा, असे वहिनी कधी म्हणत नसे, आणि वन्संही विचारत नसत. पण त्यांना ते लागे. कुरणाकडे वळताना त्यांची मूठ माझ्यावर आवळली जाई, त्यावरून मला कळे.

एका रविवारी वन्संच्या कचेरीतल्या तीन मैत्रिणी जेवायला येणार होत्या. वन्संनी महिनाभर अळंब्यांच्या फुशारक्या मारल्या होत्या. वहिनीचा गुडघा दुखत होता, म्हणून ती बसथांब्याच्या बाकावरच थांबली. टोपली छान भरली. प्रत्येक अळंबी पायासकट, घरी वहिनीने तपासायला. पण बसमध्ये गर्दी झाली, एका माणसाची पेटी टोपलीवर आदळली आणि आत सगळ्यांचा चुरा झाला. कुठला पाय कुणाचा, काही कळेना.

घरी येऊन वन्सं टोपलीकडे पाहत उभ्या राहिल्या. शंभरातल्या नव्याण्णव वेळा त्या चांगल्याच असणार. वहिनी दारातून बघत होती. वन्संनी टोपली उचलली, मागच्या दाराने बाहेर नेली आणि पालथी केली.

मैत्रिणी आल्या. एक म्हणाली, "अगं, महिनाभर गाजावाजा, आणि पानात ऑम्लेट?"

"हो तर," वन्सं म्हणाल्या. "उद्या टायपिंगला तुम्ही सगळ्या हजर हव्यात ना मला!"

सगळ्या हसल्या. वहिनी शेगडीशी पाठमोरी उभी होती. पुढचे अंडे फोडत ती म्हणाली, "वन्सं, पुढच्या रविवारी तुम्ही एकट्याच जा."

वन्संनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होत्या.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. रानातली अळंबी कितीही गोड दिसली तरी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय तिला हात लावू नका. उचलाल तेव्हा पायासकट उचला. ओळखीची नसेल किंवा जरा जरी शंका आली तर ती तोंडात घालू नका. आणि कधी कुणी रिकामी टोपली घेऊन घरी आले, तर त्याला हसू नका. गॅस पेटवा आणि त्याच्यासाठी दोन अंडी फोडा.