नाव, गाव आणि लेकराचं वय

ओवीच्या पायातला मोजा तिसऱ्यांदा गळून पडला, तसा देवानंद तो उचलायला खाली वाकला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला. खुर्च्यांच्या पायांमधून त्याला पलीकडच्या चपला दिसत होत्या. गोलात चौदा खुर्च्या होत्या. ओळख करून देण्याची पाळी पाचव्या खुर्चीपर्यंत आली होती. त्याची नववी.

"राहू द्या तो मोजा," गोलाबाहेर त्याच्या मागे बसलेली त्याची बायको आकांक्षा हळूच म्हणाली. "तिले नकोच आहे."

त्याने मोजा खिशात घातला आणि सात महिन्यांच्या लेकीला मांडीवर नीट बसवलं. ओवी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत होती.

अमरावतीतल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल होता तो. लेकरांविषयी मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या आईबापांचा एक गट दीडेक वर्षापासून इंटरनेटवर जमला होता. अमरावती, अकोला, अचलपूर, धामणगाव, अशी इकडची तिकडची माणसं. आज रविवारी ती पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होती. गट जमवणाऱ्या आरतीताई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की भाषण कोणी करायचं नाही. नाव, गाव आणि लेकराचं वय, एवढंच सांगायचं. सगळ्यांना हायसं वाटलं होतं. देवानंदला मात्र नाही. भाषण असतं तर बरं झालं असतं. भाषणात एक शब्द अडला तर दुसरा घेता येतो, वाक्य वळवून नेता येतं. नावाला दुसरा शब्द नसतो.

तो लहानपणापासून अडखळायचा. सगळ्यात वाईट 'द' आणि 'त'. जीभ दातांमागे जाऊन चिकटायची, मान एका बाजूला ओढली जायची, डोळे आपोआप मिटायचे. आणि घरच्यांनी नाव ठेवलं देवानंद, आडनाव तायडे. अकोल्याला एका दालमिलमध्ये तो मालाची प्रत तपासायचं काम करत असे. तिथे यंत्रांच्या धडधडाटात सगळेच खुणांनी बोलत, म्हणून ती नोकरी त्याला मानवली होती.

लिहिताना मात्र त्याला काही अडवत नसे. ओवी वीस दिवसांची असताना तो या गटात आला, तेव्हा त्याने स्वतःची ओळख दोन पानं भरून लिहिली होती. 'मी नवा कोरा बाप आहे, अजून वॉरंटीत आहे, बिघाड आढळल्यास बायकोशी संपर्क साधावा,' अशी सुरुवात आणि खाली सही, 'ओवीचा बाबा'. लोकांना ते फार आवडलं. त्याच्या 'बापाची बाराखडी' या ब्लॉगची वाट पाहणारी माणसं होती. आज हॉलच्या दारातच दोघा-तिघांनी सांगितलं होतं की आता तुमच्या गप्पा ऐकायच्या आहेत. तो नुसता हसला होता.

येताना बडनेऱ्याजवळ त्याने आकांक्षाला सांगितलं होतं, आज माझं नाव तू सांगायचं नाही. हे एवढं सांगायला त्याला बराच वेळ लागला होता, आणि तिने तो लागू दिला होता. लग्नाला चार वर्षं झाली होती. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, त्याची मान ओढली जायला लागली की ती शांतपणे "देवानंद तायडे" म्हणून मोकळी व्हायची. त्याला ते सोयीचं होतं. पण ओवी जन्मली त्या दिवशी आकांक्षा आत होती. नर्सने बाहेर येऊन विचारलं, बाळाचे वडील कोण? त्याने हात वर केला. नाव? तो उभाच राहिला. शेवटी सासूबाईंनी सांगितलं आणि नर्सने ते लिहून घेतलं. लेकीच्या पहिल्या कागदावर बापाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून गेलं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

आठव्या खुर्चीवर अचलपूरच्या नगमा होत्या. त्यांना जुळे मुलगे, तीन वर्षांचे. त्यांनी सांगितलं आणि हसत देवानंदकडे वळून पाहिलं.

'ओवीचा बाबा' म्हटलं असतं तर ते सहज निघालं असतं. किंवा मान खाली घालून ओवीलाच सांगितलं असतं तरी चाललं असतं, कारण ओवीशी बोलताना तो अडखळत नसे. पहिल्या दिवसापासून नाही. मिलमधून आला की तिला मांडीवर घेऊन तो तासभर बोलायचा, तुरीतली ओल कशी मोजतात, कोणता ट्रकवाला कुठला आहे, काहीही. 'द' आणि 'त' त्या बोलण्यात पाण्यासारखे वाहून जायचे. आकांक्षा भाकरी थापता थापता हात थांबवून ऐकत राहायची.

त्याने ओवीकडे पाहिलं नाही. आरतीताईंकडे पाहिलं.

"मी द्..."

जीभ चिकटली. मान डावीकडे गेली. पंख्याचा आवाज मोठा झाला. पलीकडे दोघं-तिघं हसले. इतकं हसवणारा माणूस काहीतरी गंमत करणार, असं त्यांना वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसू मध्येच थांबलं, ते त्याला मिटल्या डोळ्यांनीही कळलं. आकांक्षाने मांडीवरच्या पिशवीचा पट्टा मुठीत आवळून धरला होता. तिने तोंड उघडलं नाही.

"दे... दे... देवानंद त... त... तायडे. अकोला. ओवी, स... सात महिने."

त्याने डोळे उघडले. सगळे तिथेच होते. मग कोणी विचारलं नव्हतं तरी तो पुढे म्हणाला, "मी अ... असाच बोलतो. लिहिताना अडत नाही, म्हनून तेवढं ल... लिहितो."

आरतीताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. "माझ्या फोनमध्ये तुमचा नंबर 'ओवीचा बाबा' म्हणून आहे. कधीपासून नाव विचारायचं होतं." आणि त्यांनी दहाव्या खुर्चीकडे मान वळवली.

दहाव्या खुर्चीवर धामणगावचा एक मेडिकल दुकानदार होता. त्याची मुलगी दीड वर्षाची होती आणि माती खात होती. देवानंदला हे सगळं नीट ऐकू आलं. असं गोलात बसायची वेळ आजवर जितक्यांदा आली होती, त्यात आपल्यानंतरचा माणूस काय बोलला हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. आपण काय करून बसलो याचाच आवाज कानात राहायचा. आज तो मातीचा किस्सा शेवटपर्यंत ऐकून हसला.

नंतर गिला वडा आणि चहा झाला. नगमांनी त्याला विचारलं की लेकीला लागलेल्या उचकीवर जे लिहिलं होतं ते खरं की बनवलेलं. त्याने अडत अडत सांगितलं की अर्धं खरं. त्या हातातला कप तसाच धरून ऐकत थांबल्या आणि मग म्हणाल्या की त्यांच्याकडे दोन उचक्या एकदम लागतात. चहा संपेपर्यंत तो पाच-सहा जणांशी बोलला. निघताना जिना उतरताना आकांक्षाच्या लक्षात आलं की तो चक्क शीळ घालतोय.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. ओवी तिच्या मांडीवर झोपली. बडनेरा गेल्यावर आकांक्षा म्हणाली, "एक विचारू? गुरुवारपासून तुमी ओवीशी बोलून नाही राहिले."

त्याने समोरच्या सीटच्या दांडीवर हात ठेवला. खरं होतं. गुरुवारी सकाळी ओवीने पहिल्यांदा तोंडातून आवाजांची माळ काढली होती, ब-ब-ब-ब-ब. आकांक्षाने माहेरी फोन लावला होता. तो मात्र गॅलरीत जाऊन उभा राहिला होता. सगळी लेकरं असंच करतात हे त्याला माहीत होतं. त्यानेच ब्लॉगवर कुणाला तरी तसं लिहून कळवलं होतं. पण कानाला ते वेगळंच लागलं. आता ही ऐकून ऐकून शिकणार. आपण तिच्याशी अडत नाही, पण तिच्यासमोर जगाशी अडतो, ते ती बघणार. त्याने तिथेच ठरवून टाकलं की आपण हळूहळू गप्प व्हायचं. ती बोलायला लागेपर्यंत आपला आवाज तिच्या कानातून काढून घ्यायचा.

हे त्याने आकांक्षाला सांगितलं. मूर्तिजापूर येईपर्यंत सांगत होता. ती रागावली नाही. बाहेर तुरीची सोंगणी चालली होती आणि शेतांच्या धुऱ्यांवर पेंढ्या उभ्या होत्या.

"मामाजीले मी वचन देलं होतं," ती म्हणाली. "पन आता सांगतो तुमाले."

मामाजी म्हणजे देवानंदचे वडील, महादेवराव. अंजनगाव सुर्जीला त्यांची केळीची बाग होती. कमी बोलणारा, कडक माणूस म्हणून गावात त्यांचं नाव होतं. बोटाने दाखवायचं, मानेने हो-नाही करायचं. बाकी सगळं आई, कौशल्याबाई, बोलायची; आकांक्षा तिला आत्याबाई म्हणे. फोनही तीच घ्यायची. देवानंद लहानपणी अडखळायला लागला की महादेवराव उठून बाहेर जात. आपली लाज वाटते त्यांना, एवढंच देवानंदला त्या पाठीवरून कळलं होतं.

"बारशाले ते आठ दिवस राहिले होते ना," आकांक्षा सांगू लागली. "एक दिवस दुपारी तुमी मिलमध्ये, आत्याबाई झोपलेल्या. मी न्हाऊन आली, तं आतल्या खोलीत कोनी तरी बोलून राहिलं. मले वाटलं पाव्हना आला. दारातून पाह्यलं तं मामाजी. ओवीले मांडीवर घेऊन घडाघडा बोलून राहिले. केळीचं, मोटरपंपाचं, कायचं कायचं. कुठं अडकनं नाही."

"ब... बाबा?"

"हो. आनि मंग तिले म्हनाले, तुह्या बापाशीबी मी असाच बोलो. तो बोबडं बोलाले लागला तवा सोडलं. मनलं, माहं अडखळनं त्याले नोको लागाले."

देवानंदने तिच्याकडे पाहिलं.

"मंग मी दिसली त्याईले. कायतरी सांगाले गेले, तं शब्दच निघेना. तुमची होते तशी मान झाली. शेवटी हात जोडले, सांगू नोको म्हनून." तिने ओवीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "त्याईनं सोडलं बोलनं. काय उपयोग झाला?"

कंडक्टर पुढे कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता. उठून बाहेर जाणारी ती पाठ देवानंदने इतक्या वर्षांत इतक्यांदा आठवली होती की तिच्या सदऱ्याच्या घड्याही त्याला पाठ होत्या. तो माणूस दाराबाहेर जाऊन काय करत असेल, हे मात्र त्याने कधी मनात आणलं नव्हतं.

कुरणखेडच्या थांब्यावर ओवी जागी झाली. त्याने तिला आपल्याकडे घेतलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. नेहमीप्रमाणे आईने घेतला. जेवण झालं का, पोरगी कशी आहे, सगळं विचारून झालं.

"बाबाले द... दे," तो म्हणाला.

आई म्हणाली, ते इथंच बसले आहेत, पण ते काय फोनवर बोलतात? तो पुन्हा म्हणाला, दे. मग पलीकडे खुडबुड झाली आणि कोणाचा तरी श्वास ऐकू येऊ लागला.

"बाबा, मी आज अ... अमरावतीले त... तेरा लोकायसमोर माहं नाव सांगतलं."

श्वास तसाच राहिला. एरवी त्याने "ठेवतो" म्हणून फोन ठेवला असता. आता तो थांबला. मध्ये एक खड्डा गेला, एक ट्रक गेला. पलीकडे काहीतरी सुरू होत होतं आणि दातांमागे अडत होतं. त्याला ते ओळखता येत होतं. तो शब्द काय असेल याचा अंदाज त्याने केला नाही.

"ओ... ओवीले," महादेवराव म्हणाले. "ओवीले द... दे."

त्याने फोन ओवीच्या कानाशी धरला. आधी काही नाही. मग पलीकडून एक म्हातारा, मोकळा आवाज निघाला आणि थांबेचना. केळीचा घड कसा लागला, माकडांनी काय नासधूस केली, तू इकडे आलीस की तुला बांधावर नेतो. ओवी डोळे मोठे करून ऐकत होती. देवानंदने वाकून आपला कान तिच्या कानाजवळ नेला. बत्तीस वर्षांत हा आवाज त्याने ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

ओवीने फोन चाटायला जीभ बाहेर काढली.

"अवो, चाटू नोको," तो तिला म्हणाला. "तुहे आजोबा बोलून राहिले. तुले माकडाची गोष्ट सांगून राहिले, दादागिरी करनाऱ्या माकडाची. ऐक."

एकही अक्षर अडलं नाही. पलीकडचा आवाज थांबला. फोनमधून नुसता बागेतल्या मोटरपंपाचा आवाज येत राहिला. म्हातारा ऐकत होता.

मग तो पुन्हा बोलू लागला, ओवीशीच. "ओवी, तुह्या बापाले सांग," तो म्हणाला, "ते माकड लय दिवसाचं आहे आपल्या बागेत. तुहा बाप लहान होता तवा त्या माकडानं त्याची भाकर पळवली होती."